हळकुंडातले रसायन आणि जर्नलातले उत्तर

पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक चमत्कारिक प्रथा वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. विद्यार्थ्याने जे शोधून काढावयाचे, ते परीक्षकालाही आधीच ठाऊक असते आणि विद्यार्थ्यालाही. रिसॉर्सिनॉल आणि इथिल ॲसिटोॲसिटेट यांपासून कूमारिन कुळातील पदार्थ तयार करावा, असा प्रश्न आला की त्याचा द्रवणांक १८५ अंशांच्या आसपास यावयास हवा, हे मागल्या वर्षीच्या जर्नलात लिहून ठेवलेले असते. मग हाती आलेला पदार्थ १७८ अंशांनाच वितळू लागला, तरी उत्तरपत्रिकेत १८५ हाच आकडा उतरतो. याला कोणी लबाडी म्हणत नाही. तसे म्हणणारा मनुष्य उलट अव्यवहारी ठरतो. वस्तुतः तो १७८ हा आकडाच विद्यार्थ्याशी बोलत असतो. पदार्थात अशुद्धी राहिली आहे, पुनःस्फटिकीकरण पुन्हा करावयास हवे, किंवा तो पुरता वाळलेला नाही, असे काहीतरी तो सांगत असतो. हे सांगणे ऐकून घेण्याची सवय दोन वर्षांत लागली नाही, तर पदवी पदरात पडते आणि रसायनशास्त्र प्रयोगशाळेतच राहते.

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूरसारख्या गावातून जे विद्यार्थी या अभ्यासक्रमाकडे वळतात, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव आणि पुणे-मिरज लोहमार्गावरील एक स्थानक. येथल्या मुलामुलींना एम.एस्सी. करावयाची तर सातारा, कराड, सांगली किंवा कोल्हापूर गाठावे लागते. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचे. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली सुरू केले, आणि १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा या भागाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. त्यापूर्वी पदव्युत्तर शिक्षण म्हणजे बहुधा पुणे नाही तर मुंबई. आज ते शिक्षण एस.टी.च्या पासावर घेता येते, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांच्या घरी याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते, अशा घरांतून मुली एम.एस्सी.ला येतात. त्यांना औषध कारखान्याच्या गुणनियंत्रण विभागात नोकरी मिळते किंवा मिळत नाही. मुलाखतीत विचारले जाते ते हेच, की एखादा आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर तुम्ही काय करता? आणि दोन वर्षे तसा आकडा खोडून टाकण्याचेच शिक्षण झालेले असेल, तर उत्तर कोठून येणार?

अभ्यासक्रमाची मांडणी तशी सर्वत्र सारखीच असते. सेंद्रिय रसायनशास्त्रात अभिक्रियांच्या यंत्रणा आणि त्रिमितीय रचना, असेंद्रियमध्ये समन्वय संयुगे, भौतिकमध्ये पुंजयामिकी, ऊष्मागतिकी व अभिक्रियांचा वेग, वैश्लेषिकमध्ये पृथक्करणाच्या रीती आणि त्यांतील त्रुटींचा हिशेब. शिवाय चारींना लागणारे वर्णपटविज्ञान. यात गैर काही नाही. गैर आहे ते या चार शाखांचे चार कप्पे होऊन बसण्यात. सोमवारची प्रयोगशाळा आणि गुरुवारची प्रयोगशाळा एकमेकींना ओळखत नाहीत. सोमवारी जो पदार्थ बाटलीतून आला, तो गुरुवारी दुसऱ्याच नावाने दुसऱ्या बाटलीतून येतो, आणि या दोन्ही बाटल्यांचा विद्यार्थ्याच्या गावाशी काही संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

तो संबंध शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोरेगाव तालुक्याच्या या पट्ट्यात आले हे पैशाचे पीक आहे. भाव पडला की घराचा ताळेबंद बिघडविणारे आणि चढला की लग्न उरकून देणारे. आल्याच्या तिखटपणाला कारण होणारा मुख्य घटक म्हणजे जिंजरॉल. त्याच्या रेणूत कार्बोनिल गटापासून एक कार्बन सोडून हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्याच सत्रात शिकविले जाते, की अशा रचनेच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू सहज निसटतो. आले वाळून त्याची सुंठ होते तेव्हा नेमके हेच घडते. जिंजरॉलमधून पाणी निघून जाते आणि शोगॉल तयार होते. हे नाव आल्याच्या जपानी नावावरून पडलेले आहे, आणि शोगॉल जिंजरॉलपेक्षा अधिक तिखट असते. सुंठ आल्याहून झोंबते, हे घरातल्या आजीला ठाऊक असते. ते का, हे नातीच्या पाठ्यपुस्तकात असते. आजीची सुंठ आणि नातीचे पुस्तक यांची गाठ मात्र कोणी घालून देत नाही. आले शिजवले की त्याचा तिखटपणा मवाळ होतो, त्याचेही कारण त्याच प्रकरणात आहे. उष्णतेने जिंजरॉलचा रेणू उलट आल्डॉल अभिक्रियेने तुटतो आणि सौम्य चवीचे झिंजरोन उरते. हे झिंजरोन १९१७ साली जपानचे नोमुरा यांनी ओळखले. त्याच वर्षी इंग्लंडात आर्थर लॅपवर्थ यांनीही आल्याच्या तिखट द्रव्यांवरील आपले काम प्रसिद्ध केले. सायनोहायड्रिनच्या यंत्रणेसाठी प्रत्येक एम.एस्सी. विद्यार्थी ज्यांचे नाव पाठ करतो, तेच हे लॅपवर्थ.

तंत्राच्या बाजूनेही आले उदार आहे. कुटलेल्या सुंठेचे बाष्प-ऊर्ध्वपातन केले असता कंडेन्सरमधून सुगंधी तेल उतरते; परंतु त्याला झोंबणारी चव नसते. तिखट द्रव्ये वाफेबरोबर वर येत नाहीत, ती खालच्या चोथ्यातच राहतात आणि त्यांच्यासाठी द्रावकाने निष्कर्षण करावे लागते. बाष्पनशील आणि अबाष्पनशील यांतील भेद फळ्यावर समजावून सांगण्यास एक तास लागतो. येथे तो नाकाला आणि जिभेला उमजतो (अर्थात प्रयोगशाळेत काही चाखावयाचे नाही, हा नियम पाळून, घरच्या सुंठेवर!).

रहिमतपूरहून दक्षिणेकडे जाणारी गाडी कराड, किर्लोस्करवाडी ओलांडून सांगलीला पोहोचते, आणि तेथे आल्याची बहीण भेटते. हळद आणि आले एकाच वनस्पतिकुळातली. सांगलीची हळदीची पेठ देशात नावाजलेली आहे. कृष्णाकाठी हरिपूरच्या परिसरात जमिनीखालील पेवांत हळद साठविण्याची जुनी रीत होती, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो ते कुरक्युमिन १८१५ साली व्होगेल आणि पेलेतिये यांनी प्रथम वेगळे काढले. प्रात्यक्षिकाच्या जाडजूड पुस्तकावर ज्यांचे नाव असते ते व्होगेल निराळे. ते विसाव्या शतकातले. कुरक्युमिनची रचना निश्चित व्हावयास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९१० साली मिलोबेन्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लांपे यांनी ती मांडली. आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला तेच काम आठवडाभरात करता येते, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल त्याच्या घरच्या डब्यात असतो.

या प्रयोगाचा तपशील थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. हळदीची पूड सॉक्सलेट उपकरणात घालून ॲसिटोन किंवा अल्कोहोलने निष्कर्षण केले की नारिंगी अर्क मिळतो. हे उपकरण १८७९ साली जर्मनीत सॉक्सलेट यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी बनविले होते. वाफ वर जाते, थंड होऊन पुडीवर ठिबकते, नळी भरली की एकदम खाली उतरते आणि तेच द्रावक पुन्हा ताजे होऊन कामाला लागते. त्या अर्काचा एक सूक्ष्म ठिपका सिलिकाच्या पातळ थरावर ठेवून टी.एल.सी. केली की एकाचे तीन ठिपके होतात. तिन्ही पिवळे, तिन्ही नुसत्या डोळ्यांना दिसणारे; अतिनील दिवा नसला तरी अडत नाही. ज्या महाविद्यालयात उपकरणांची वानवा आहे, तेथे याहून सोयीचा प्रयोग सापडणे कठीण. सर्वांत वर जाते ते कुरक्युमिन. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वलयांवर मिथॉक्सी गट असतात. मधल्या ठिपक्यात असा एकच गट उरतो आणि सर्वांत खालच्यात एकही नाही. मिथॉक्सी गट शेजारच्या हायड्रॉक्सिलला हायड्रोजन-बंधाने आपल्याकडे गुंतवून ठेवतो, म्हणून तो हायड्रॉक्सिल सिलिकाला कमी चिकटतो आणि ठिपका पुढे सरकतो. रेणूच्या रचनेचा परिणाम डोळ्यांना असा उघड दिसावा, याहून अधिक शिक्षकाने काय मागावे?

पुढे याच तिघांना कॉलमवर वेगळे करावयाचे. काचनळीत सिलिका भरणे हे हाताचे कसब आहे. मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पट्टा वाकडा होतो. वर्णलेखनाची ही रीत रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये वेगळी करताना शोधली, आणि अनेक वर्षे रसायनशास्त्रज्ञांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. वाळलेल्या हळदीत तिन्ही द्रव्ये मिळून साधारण २ ते ५ टक्के असतात, म्हणजे १० ग्रॅम पुडीतून फार तर अर्धा ग्रॅम. विद्यार्थ्याच्या हाती त्याहूनही कमी लागते. उरलेले कोठे गेले, हा हिशेब लिहावयास लावणे हेच खरे वैश्लेषिक रसायनशास्त्र. चोथ्यात राहिले, काचेला चिकटले, की प्रकाशाने विघटित झाले? आणि येथे कोणत्याही मागील जर्नलाचा उपयोग नाही. राजापुरी हळदीचे उत्तर एक, सेलमचे दुसरे. यंदाच्या हळकुंडाचे एक आणि साठवणुकीतल्या जुन्याचे कदाचित आणखी वेगळे.

शुद्ध कुरक्युमिन १८३ अंशांच्या सुमारास वितळते. त्याची रचना पुस्तकात पुष्कळदा दोन कार्बोनिल गट आणि मधोमध एक मिथिलीन गट अशी काढलेली असते. परंतु द्रावणातील पदार्थाचा एन.एम.आर. आलेख पाहिला तर तो मिथिलीन गट तेथे जवळजवळ नसतोच. त्याऐवजी १६ पीपीएमच्या आसपास, इतर सर्वांपासून दूर, एक रुंद खूण दिसते. तो एनॉलचा प्रोटॉन, दोन ऑक्सिजनांच्या मध्ये अडकलेला. पुस्तकातील चित्र आणि यंत्रातील आलेख यांपैकी कोणावर विश्वास ठेवावयाचा, हा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः एकदा तरी घ्यावयास हवा. एन.एम.आर. यंत्र जिल्ह्याच्या महाविद्यालयात सहसा नसते, नमुना बाहेर पाठवावा लागतो, हे खरे. पण आलेख स्वतःच्या हाताने काढलेल्या पदार्थाचा असेल, तर तो आठ दिवस उशिरा आल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते वर्षानुवर्षे तोच छायाप्रत केलेला आलेख वर्गात फिरत राहिल्याने.

हाच एनॉल लोह, तांबे अशा धातूंना दोन ऑक्सिजनांनी धरून ठेवतो; म्हणजे समन्वय संयुगांचे प्रकरणही याच चंचुपात्रात आले. बोरॉनशी तो आम्लात गडद लाल संयुग बनवितो, आणि पाण्यातील व मातीतील बोरॉन मोजण्याची एक मान्य रीत त्यावर आधारलेली आहे. कुंकू करण्याच्या जुन्या घरगुती पद्धतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावीत असत. टाकणखार म्हणजे बोरॉनचाच क्षार, हे येथे आठवावे.

भौतिक रसायनशास्त्राचा धडा सर्वांत उद्बोधक आहे, कारण तो थेट बाजाराशी आणि औषधांच्या जाहिरातींशी भिडतो. कुरक्युमिन अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही. रंग पाहता पाहता फिका होतो. साध्या वर्णमापकावर दर दोन मिनिटांनी वाचन घेतले की वेगाचा स्थिरांक काढता येतो, आणि तपमान बदलून सक्रियण ऊर्जाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, ३७ अंश तपमानाला आणि रक्ताच्या जवळपासच्या, म्हणजे ७.२ पी.एच.च्या, द्रावणात कुरक्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. तरीही कर्करोगापासून विस्मरणापर्यंत प्रत्येक व्याधीवर कुरक्युमिनचा गुण सांगणारे हजारो शोधनिबंध जगभर निघाले. २०१७ साली अमेरिकेतील कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात या साऱ्याचा कठोर आढावा घेतला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की हा रेणू चाचणीच्या साधनांनाच फसवितो. तो स्वतः प्रकाशमान होतो, धातूंना बांधून ठेवतो, गोळा होऊन प्रथिनांना चिकटतो आणि मध्येच विघटित होतो. त्यामुळे चाचणीत गुण दिसला तरी तो औषधाचा गुण असेलच असे नाही. दुहेरी-अंध पद्धतीच्या वैद्यकीय चाचण्यांत कुरक्युमिनला यश मिळाल्याचे उदाहरण त्यांना आढळले नाही.

हळदीच्या प्रदेशात हे लिहिणे काहींना रुचणार नाही. परंतु हळदीची प्रतिष्ठा खोट्या आकड्यांवर उभी करावयाची गरजच नाही. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द करविण्यात आले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतील लेखी पुरावे समोर ठेवले म्हणून. ती लढाई मुख्यतः ग्रंथालयात जिंकली गेली. संदर्भ शोधणे, तो तपासणे, त्यावर विसंबावे की नाही हे ठरविणे, हेही प्रयोगशाळेइतकेच पदव्युत्तर शिक्षणाचे अंग आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित अंग आहे.

प्रामाणिक आकड्याची किंमत भेसळीच्या प्रश्नात तर फारच स्पष्ट होते. हळदीला चकाकी आणण्यासाठी मेटॅनिल यलोसारखा कृत्रिम रंग, किंवा त्याहून भयंकर असे लेड क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे उपखंडात अनेक ठिकाणी उघडकीस आलेली आहेत. लेड क्रोमेट म्हणजे शिसे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. नमुन्यात शिसे नसताना ‘आहे’ असे लिहिले तर एखाद्या व्यापाऱ्याचा धंदा बुडतो. असताना ‘नाही’ असे लिहिले तर त्याहून वाईट घडते. प्रयोगशाळेत १७८ चे १८५ करणाऱ्या हाताला पुढे असले अहवाल लिहावयाचे असतात.

साधनांच्या अभावाची तक्रार येथे हमखास पुढे येते. तिच्यात तथ्य आहे, पण ती पुरी नाही. वर ज्या कूमारिनचा उल्लेख आला, त्याचीच एक हकिगत पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये घडलेली आहे. रिसॉर्सिनॉलच्या दोन हायड्रॉक्सिल गटांच्या नेमका मधोमध ॲसिटिल गट बसविणे अवघड असते. सरळ अभिक्रियेत तो बाजूच्या जागी जाऊन बसतो. डी. बी. लिमये यांनी युक्ती केली ती अशी. आधी रिसॉर्सिनॉलचे कूमारिन करून बाजूची जागा अडवून टाकावयाची, मग उरलेल्या हायड्रॉक्सिलवरचा ॲसिटिल गट ॲल्युमिनियम क्लोराइडबरोबर तापवून मधल्या जागी सरकवावयाचा, आणि शेवटी अल्कलीने कूमारिनचे वलय उघडून टाकावयाचे. १९३२ साली हे काम जर्मनीच्या ‘बेरिख्टे’त छापून आले आणि पुढे जगभरच्या संश्लेषणाच्या संदर्भग्रंथांत गेले. ‘रसायनम्’ हे संशोधनपत्रही लिमये यांनी पुण्यातून चालविले. त्या काळच्या प्रयोगशाळेत एन.एम.आर. नव्हता, एच.पी.एल.सी. नव्हती. द्रवणांक, पृथक्करण आणि मिश्र द्रवणांक, एवढ्यावर रचना सिद्ध करावी लागे. द्रवणांक खोटा लिहिण्याची चैन त्या मंडळींना परवडणारी नव्हती.

आज विद्यार्थी परीक्षेत जो पदार्थ करतो, तोच लिमये यांच्या कामाचा आरंभबिंदू होता. अभ्यासक्रमात हे कोठेही सांगितले जात नाही, याचे नवल वाटते.

राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण व संशोधन प्रकल्प हे अभ्यासक्रमाचे आवश्यक भाग बनले. कागदावर ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण प्रकल्पही झेरॉक्सच्या दुकानात तयार होऊ शकतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. त्यावर उपाय एकच दिसतो: ज्याचे उत्तर बाजारात विकत मिळत नाही असा प्रश्न देणे. असे प्रश्न गावोगाव पडून आहेत. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींत सोडियम किती चढला आहे, हे ज्वालाप्रकाशमापकावर पाहता येते. विहिरीच्या पाण्याची कठिणता ई.डी.टी.ए.च्या अनुमापनाने काढता येते, आणि ब्युरेटमधील वाचन शेजारच्याचे पाहून उतरविण्यात अर्थ नसतो, कारण शेजाऱ्याची विहीर निराळी असते.

शिक्षकांवर याचा भार पडेल हे नाकारण्यात हशील नाही. वीस विद्यार्थ्यांची वीस निराळी उत्तरे तपासणे, तासिका तत्त्वावर नेमलेल्या आणि उद्याची शाश्वती नसलेल्या अध्यापकाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. त्या पदांचा प्रश्न शासनाने सोडवावयाचा आहे आणि तो अनेक वर्षे रेंगाळला आहे. तथापि गुणदानाची पद्धत बदलण्यास शासनाची वाट पाहावी लागत नाही. द्रवणांक बरोबर आला की गुण, ही पद्धत सोडून, जो आला तो लिहिला, तो का आला याचे कारण दिले आणि ते पडताळून पाहण्यासाठी पुढची कृती सुचविली, याला गुण द्यावयाचे, एवढा निर्णय अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो.

वेळापत्रकही अनुकूल आहे. आल्याची काढणी आणि हळद शिजवून वाळविण्याची धांदल हिवाळा सरत असताना सुरू होते. दुसऱ्या आणि चौथ्या सत्राची प्रात्यक्षिके त्याच महिन्यांत असतात. रहिमतपूरच्या विद्यार्थिनीने येताना पिशवीतून ओले आले, अर्धे सुकलेले आले आणि सुंठ असे तीन नमुने आणले, आणि तिच्या सांगलीच्या मैत्रिणीने कच्चे व शिजवलेले हळकुंड आणले, तर एका सत्राला पुरेल इतके काम त्या पाच पुड्यांत आहे.